लीड्सची यादी मेल प्रोव्हायडरनुसार फोडताना

लीड्सना, म्हणजे संभाव्य ग्राहकांना, मोठ्या संख्येने मेल पाठवण्याबद्दल बोलतोय. मेल खरंच तुमच्या डोमेनकडून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी लावून झाल्यात असं धरतो. तरीही मेल स्पॅममध्ये जात असतील, तर एकूण बाउन्सचा (नाकारून परत आलेल्या मेलचा) आकडा काहीच सांगत नाही. गूगलकडे सगळं सुरळीत आणि मायक्रोसॉफ्टकडे दार बंद, असंही असू शकतं. म्हणून यादी प्रोव्हायडरनुसार गटांत विभागायची.

यादीतून डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) वेगळे काढा, डुप्लिकेट उडवा आणि प्रत्येकाचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनचा मेल कोणता सर्व्हर घेतो ही नोंद, एकदाच तपासा. तो 'गूगल डॉट कॉम'वर संपला तर गूगल वर्कस्पेस, 'मेल डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम'वर संपला तर मायक्रोसॉफ्ट ३६५.

नवखे फसतात ते पुढच्या पायरीवर. एमएक्समध्ये प्रूफपॉइंट, माइमकास्ट किंवा बाराकुडा दिसलं की अनेकजण तो डोमेन 'इतर'मध्ये ढकलतात. हे मेलबॉक्स देणारे नाहीत, दारावर तपासणी करणारे गेटवे आहेत. मेलबॉक्स मागे बहुधा मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलकडेच असतो. म्हणजे मेल दोनदा चाळला जातो आणि नकार कोणत्या चाळणीतून आला हे बाउन्सचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. मागे कोण आहे याचा अंदाज त्या डोमेनच्या एसपीएफवरून येतो: त्यात आउटलुकचा इन्क्लूड (त्याच्या सर्व्हरना मेल पाठवायची परवानगी देणारा उल्लेख) असेल तर बहुधा मायक्रोसॉफ्ट. पण हा अंदाजच. जुने इन्क्लूड वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. गेटवेवाल्यांचा गट वेगळाच ठेवा. गेटवे लिंक स्वतः उघडून तपासतात, त्यामुळे तिथले क्लिक खरे मानू नका.

मग प्रत्येक गटाला तोच मजकूर, तोच वेग. फरक दिसला की त्या गटापुरती एकच गोष्ट बदला: आधी वेग, मग लिंक, मग मजकूर. समोरच्या सर्व्हरच्या उत्तरात ४२१ हा तात्पुरत्या नकाराचा कोड आला तर वेग कमी करा. ५.१.१ म्हणजे पत्ताच नाही, तो कायमचा काढा. ५.७ ने सुरू होणारा कोड आला तर पत्ता उडवू नका. दोष बहुतेकदा पाठवणाऱ्याकडे असतो. ५.७.२६ तर गूगल ऑथेंटिकेशन (पाठवणाऱ्याची ओळख पटवणं) फसल्यावरच देतं.

'गूगलच्या खात्यातून गूगललाच पाठवा, इनबॉक्स पक्का' असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. विकत घेतलेली यादी कशीही फोडली तरी तक्रारी येणारच, आणि गूगलने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे.

सुरुवातीला हे सगळं किचकट वाटतं, पण घाबरू नका. एमएक्स तपासणी एका छोट्या स्क्रिप्टचं काम आहे. ती प्रत्येक मोहिमेआधी पुन्हा चालवा, कारण कंपन्या प्रोव्हायडर बदलतात आणि जुना गट चुकीचा ठरतो.