मक्याच्या मुलखातलं कॉलेज: लिबरल आर्ट्‌सला निघालेल्यांसाठी

लिबरल आर्ट्‌स म्हणजे एकाच व्यवसायाचं शिक्षण न घेता विज्ञान, कला, समाजशास्त्र असे वेगवेगळे विषय घेऊन केलेली पदवी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अशाच ग्रिनेल कॉलेजात चार वर्षांत सक्तीचा विषय एकच: पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल. पदवीसाठी १२४ क्रेडिट्स लागतात. बाकीची कशी भरायची ते तुम्ही आणि तुमचे ॲडव्हायझर (मार्गदर्शक प्राध्यापक) मिळून ठरवता. बारावीपर्यंत ज्यांचं वेळापत्रक दुसऱ्याच कुणी आखलं, त्यांना ही मोकळीक सुरुवातीला जड जाते. मी लातूरची. चार पर्यायांतून बरोबर उत्तर झटक्यात हेरायचं, हा सराव आमच्याकडे कसून होतो. तो वाया गेला असं मी म्हणणार नाही, संख्याशास्त्राच्या पेपरांना कामी आलाच. पण ट्युटोरियलमध्ये पर्याय द्यायला कुणी नव्हतं.

दहा-बारा मुलं, एक प्राध्यापक आणि विषय प्राध्यापकांच्या आवडीचा. माझ्या वाट्याला मका आला. तो मेक्सिकोतून उत्तरेला कसा सरकला इथपासून त्याच्यावरच्या सबसिडीपर्यंत सगळं. पाच पानं लिहायची, प्राध्यापकांसमोर बसून त्यावर बोलायचं, रायटिंग लॅबमध्ये दाखवायचं आणि परत लिहायचं. समासात एकच प्रश्न पुन्हापुन्हा: ‘हे कशावरून?’ तुलनेसाठी मी आमच्याकडच्या सोयाबीनबद्दल लिहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं घरच्या गप्पांतून उचललेलं. मग बाबांकडून बाजार समितीचे भाव मागवले, पावसाचे आकडे शोधले आणि त्या भरात कधी अर्थशास्त्राकडे वळले ते कळलंही नाही. नातेवाईक मात्र शेवटपर्यंत विचारत राहिले, ‘इंजिनिअरिंग कशात करतेस?’

ट्युटोरियल घेणारे प्राध्यापकच तुम्ही मेजर (पदवीचा मुख्य विषय) जाहीर करेपर्यंत, म्हणजे दुसरं वर्ष संपेपर्यंत, तुमचे ॲडव्हायझर असतात. म्हणून उन्हाळ्यात पसंतीक्रम भरताना विषयाइतकंच शिकवणारं माणूसही बघा. सतराशेच्या आसपास विद्यार्थी, पदव्युत्तर विभाग नाही, त्यामुळे संशोधनात हाताखाली लागतात ती पदवीचीच मुलं. मोठ्या विद्यापीठात ही संधी आधी पीएचडीवाल्यांकडे जाते. पुढे शिफारसपत्र लिहिताना या प्राध्यापकांना तुमचं नाव रजिस्टरमध्ये शोधावं लागत नाही.

याचं टोकाचं उदाहरण रॉबर्ट नॉइसचं. १९४८मध्ये या पोराने मित्राच्या साथीने पार्टीसाठी शेजारच्या शेतातून डुक्कर पळवलं. आयोवात असली चोरी हसण्यावारी नेत नाहीत. कॉलेजातून कायमचं काढण्याची वेळ आली होती; भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल मध्ये पडले म्हणून एका सेमिस्टरच्या निलंबनावर भागलं. तो काळ त्याने न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत आकडेमोड करण्यात काढला. (मी विम्यात काम करते, म्हणून हा तपशील मला विशेष आवडतो.) परत आल्यावर गेल यांच्याकडेच तो ट्रान्झिस्टर शिकला, १९४९मध्ये पदवी घेतली आणि १९६८मध्ये गॉर्डन मूरबरोबर कॉम्प्युटर चिप बनवणारी इंटेल कंपनी काढली. कॉलेजने त्यात सुरुवातीलाच पैसे गुंतवले होते. पुढे नावाजलेला जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉक १९५६मध्ये इथे इंजिनिअरिंगच्या विचाराने आला आणि संगीताकडे वळला. ही नावं कॉलेजच्या माहितीपत्रकांत झळकतात, त्यांना भुलून प्रवेश घेऊ नका. बहुतेक जण माझ्यासारखे साध्या नोकरीत असतात.

आणि ती पहिली नोकरी सहज मिळत नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठांत कंपन्या मुलाखतींसाठी रांग लावतात. नऊ-दहा हजार वस्तीच्या गावात फार थोड्या फिरकतात. इथे माजी विद्यार्थ्यांना आपणहून ईमेल धाडावे लागतात आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या कामी लावाव्या लागतात. लाजरेपणा घरी ठेवून जा. माझ्यासाठी दार उघडलं ते अनपेक्षित बाजूने. हौसेखातर घेतलेल्या अमेरिकन इतिहासाच्या कोर्समध्ये न्यू डीलच्या, म्हणजे १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारने आखलेल्या मदत-योजनांच्या काळावर काम केलं होतं. त्या काळी सरकारी मदतकार्याची सूत्रं सांभाळणारा हॅरी हॉपकिन्स इथलाच, १९१२चा पदवीधर. माझा पेपर होता १९३८च्या कायद्याने सुरू झालेल्या सरकारी पीकविम्यावर. डे मॉइन विमा कंपन्यांचं शहर, कॉलेजपासून गाडीने तासाभरावर. तिथल्या मुलाखतीत गणितापेक्षा जास्त वेळ त्या पेपरवरच बोलणं झालं. आज माझं अर्धं काम मॉडेल बांधायचं. उरलेलं अर्धं, हप्ता का वाढला हे गणित न आवडणाऱ्यांना दोन पानांत सांगायचं. बढती मिळाली ती दुसऱ्या अर्ध्यामुळे.

पैशांचं स्पष्टच सांगते. वर्षाचा एकूण खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. कॉलेजकडे निधी मोठा असल्याने परदेशी मुलांनाही बरीच मदत मिळते, पण तुम्ही मदत मागताय हे त्यांच्या बाबतीत प्रवेश देताना विचारात घेतलं जातं. ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ हा आपला हिशोब इथे चालत नाही. मदतीचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच द्यायचा. मदत वजा जाता उरलेल्या रकमेसाठी शेत किंवा घर गहाण ठेवावं लागत असेल, तर माझ्या मते जाऊ नये. कॅम्पसवरच्या कामाचा भरवसा धरू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि त्यातून फार तर वरखर्च निघतो.

राहिला व्हिसा. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करायच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. तुमचं मेजर सरकारी यादीत स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. हे विषयाच्या नावावर नाही, कॉलेजने त्याला दिलेल्या कोडवर ठरतं. अर्थशास्त्र काही कॉलेजांत स्टेममध्ये धरतात, काहींत नाही. तेव्हा मेजर जाहीर करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन हा कोड विचारून घ्या, नियम बदलले नाहीत ना तेही तिथेच तपासा. इतिहास किंवा तत्त्वज्ञानच आवडत असेल तर ते सोडायची गरज नाही. इथे दोन मेजर करता येतात. फक्त ते पहिल्या वर्षापासून ठरवलं तर वेळापत्रकात बसतं.