नोंदींचं ॲप निवडण्याआधी

सुरुवात फोन बाजूला ठेवून करा. एक पाठकोरा कागद घ्या आणि घरातल्या नोंदी आज कुठेकुठे पडल्या आहेत ते लिहून काढा. स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, गॅलरीतले स्क्रीनशॉट, कालनिर्णयवर लिहिलेली सिलिंडर लावल्याची तारीख, आईच्या वहीतली लोणच्याची मापं, मेलच्या ड्राफ्टमध्ये राहिलेली पाहुण्यांची यादी. माझ्या कागदावर अशा अकरा जागा निघाल्या. प्रत्येकीपुढे एवढंच लिहा, की ही नोंद कधी लागते आणि तेव्हा तोंडात कोणता शब्द येतो. ॲप बघताना आपण लिहायची सोय बघतो. लिहिणं कशातही होतं, अडतं ते शोधताना.

आता त्यातल्या वीस नोंदी बाजूला काढा. एक बिलाचा फोटो, एक पीडीएफ, एक लांबलचक मजकूर, एक मराठी-इंग्रजीची सरमिसळ, एक घाईत लिहिलेली अशुद्ध. ही तुमची प्रश्नपत्रिका. कुठलंही ॲप आलं की याच वीस नोंदी त्यात टाकायच्या. सगळा संसार पहिल्याच दिवशी हलवायचा नाही.

काय टाकायचं नाही हेही आत्ताच ठरवा. एटीएमचा पिन आणि पासवर्ड नोंदींत नकोत, त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपास ही पासवर्ड सांभाळणारी ॲप आहेत. आधार, लायसन्स, गाडीचं आरसी बुक डिजिलॉकरमध्ये ठेवा.

यापुढची तपासणी ‘ॲप कसं निवडावं’ सांगणाऱ्या इंग्रजी याद्यांत सापडत नाही आणि आपलं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. मराठी शब्द प्रत्यय लागला की रूप बदलतो. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाणीपट्टी’ मिळेल, ‘पाण्याचं बिल’ मिळणार नाही, कारण नुसती अक्षरं जुळवणाऱ्या सर्चला ‘पाण्या’ हा वेगळाच शब्द. ‘वीज’ आणि ‘विजेचं’ यांचं तेच, ‘सातबारा’ आणि ‘सातबाऱ्यावर’ यांचंही तेच. उपाय साधा आहे: नोंदीची पहिली ओळ मूळ शब्दांची ठेवा. ‘वीज, बिल, मार्च’ असं कोरडं शीर्षक द्या आणि खाली हवं तसं लिहा. आकडे मराठी की इंग्रजी, ‘सातबारा’ अक्षरात की आकड्यात, हेही एकदाच ठरवून टाका.

मग ‘आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला’ असं लिहून बघा. कार्याच्या हिशेबात आचाऱ्याचे पैसे आचार्यांच्या नावावर पडायला नकोत. गंमत अशी की हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, दुसरा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण सर्चला वेगळे वाटू शकतात. म्हणून फोनवर लिहिलेली नोंद कॉम्प्युटरवर टाइप करून सापडते का ते मुद्दाम तपासा.

छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फायली असतील, तर त्यातला एक परिच्छेद व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर तो मजकूर युनिकोड नाही. आधी तो बदलून घ्या, नाहीतर कितीही महागडं ॲप घ्या, त्यातला एक शब्दही सापडायचा नाही. पावतीच्या फोटोतला छापील देवनागरी मजकूर गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, तुमचं ॲप वाचतं का, ते त्या वीस नोंदींत कळेलच.

यानंतर बाहेर पडायची वाट बघा, आणि ती पैसे भरण्याआधीच. गूगल नोटबुक नावाची सेवा २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्यावर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. मीही एका ॲपमधून बाहेर पडताना हात पोळून घेतले आहेत. नाव घेत नाही, पण सहा वर्षांच्या नोंदी एकाच लांब पीडीएफमध्ये मिळाल्या, तारखा गायब आणि जोडाक्षरं फुटलेली. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ‘एक्सपोर्ट’ दाबा आणि हातात काय येतं ते उघडून वाचा. गूगल कीप या नोंदींच्या ॲपचा माल टेकआउट या गूगलच्याच डेटा उतरवायच्या सोयीतून एचटीएमएल आणि जेसन फायलींत येतो, नोशन या ॲपचा मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) आणि सीएसव्हीत (तक्त्याची साधी फाईल). एव्हरनोटची स्वतःची एनेक्स फाईल असते, ती जॉप्लिन या दुसऱ्या ॲपला वाचता येते. ऑब्सिडियन या ॲपमध्ये प्रश्नच येत नाही, तुमच्या फोल्डरमधल्या साध्या मार्कडाउन फायली हाच त्याचा साठा, नोटपॅडमध्येही उघडतो.

फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहा, कारण हॉस्पिटलच्या तळघरात रेंज नसते आणि जुना रिपोर्ट नेमका तिथेच मागतात. किमतीत सिंकचे, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदी आपोआप सारख्या ठेवण्याचे, पैसे धरले आहेत का ते बघा, ऑब्सिडियनचं सिंक वेगळं विकत घ्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर चारशे-पाचशे नोंदींपर्यंत बहुतेक घरांना कीप पुरतं. स्क्रीनवर पेनाने लिहिणाऱ्याने मायक्रोसॉफ्टचं वननोट बघावं. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याने ऑब्सिडियन, आणि आपल्या नोंदी दुसऱ्याच्या सर्व्हरवर उघड्या नकोत असं वाटणाऱ्याने जॉप्लिन, त्यात एन्क्रिप्शन, म्हणजे नोंदींना कुलूप, चालू करता येतं. नोशन देखणं आहे, पण त्यात नोंदी कमी आणि रांगोळ्या जास्त होतात. निदान माझ्या झाल्या.

कीप घेतलंत तर एक लक्षात ठेवा, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, खातं पडून राहिलं तर कुणाला कळवायचं ते तिथे सांगता येतं, घरच्या माणसाचं नाव घाला.

शेवटी दोन आठवडे वापरून झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात फोन द्या आणि मिक्सरचं बिल शोधायला सांगा. काही सुचवू नका, नुसते बघत बसा. आमच्याकडे बायकोने फोन हातातच घेतला नाही. स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडला, प्लास्टिकच्या पिशवीतून बिल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्या पिशवीतल्या सगळ्या बिलांचे फोटो त्या रात्री मी काढले. पिशवी अजून तिथेच आहे.