आयफ्रेममधलं अ‍ॅप गप्प बसतं तेव्हा : या चुका टाळा

कर्जाचा हप्ता काढणारं एक छोटं अ‍ॅप आम्ही एका ग्राहकाच्या वेबपानात आयफ्रेममधून, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीतून, बसवलं होतं. पानाने पोस्टमेसेजने (एका खिडकीतून दुसरीकडे निरोप पाठवणारं ब्राउझरचं फंक्शन) रक्कम आणि मुदत पाठवायची, अ‍ॅपने हप्ता परत कळवायचा. कोड जेमतेम वीस ओळींचा. माझ्या लॅपटॉपवर दर वेळी चाललं. ग्राहकाकडे मात्र रक्कम कधी भरलेली दिसायची, कधी रकाना कोराच. एरर दाखवणाऱ्या ब्राउझरच्या कन्सोलमध्येही बहुतेक वेळा काहीच नसायचं. या कामात जीव खाते ती हीच गोष्ट : निरोप हरवला तर कुणी सांगायला येत नाही.

कारण सरळ होतं. पोस्टमेसेजला टपालपेटी नसते. पलीकडे ऐकणारा लिसनर (निरोप आला की चालणारा कोड) अजून लावलेला नसेल, तर निरोप तिथेच संपतो, नंतरसाठी राखून ठेवला जात नाही. आम्ही आयफ्रेमच्या लोड इव्हेंटवर (पान उतरलं की ब्राउझर देतो ती खूण) विसंबून माहिती पाठवत होतो. पण आमचं अ‍ॅप आधी सर्व्हरवरून सेटिंग्ज आणायचं आणि मग लिसनर लावायचं. लोड इव्हेंट त्यासाठी थांबत नाही. माझ्याकडे सर्व्हर त्याच मशीनवर, त्यामुळे सेटिंग्ज क्षणात यायच्या. ग्राहकाच्या मोबाइल नेटवर तेवढा उशीर पुरेसा होता.

इथे दोन सेकंद थांबवणारा टाइमआउट घालायचा मोह होतो. तो घालू नका. त्याने बिघाड जात नाही, फक्त क्वचित दिसू लागतो, आणि क्वचित दिसणारा बिघाड पकडणं फार अवघड. आधी अ‍ॅपला बोलू द्या : लिसनर लावून झाला की त्याने ‘तयार’ असा निरोप पाठवायचा, आणि तो आल्यावरच पानाने माहिती द्यायची. यातही एक फट राहते. आयफ्रेम एचटीएमएलमध्येच लिहिलेली असेल आणि पानाची स्क्रिप्ट उशिरा चालत असेल, तर ‘तयार’ हाच निरोप हरवतो. म्हणून पानाचा लिसनर आधी लावा आणि आयफ्रेमचा पत्ता मग भरा. ते जमत नसेल तर उत्तर येईपर्यंत अ‍ॅपने ‘तयार’ पुन्हा पुन्हा म्हणत राहावं.

कधीमधी कन्सोलमध्ये एक ओळ येते : दिलेलं टार्गेट ओरिजिन समोरच्या खिडकीच्या ओरिजिनशी जुळत नाही. ओरिजिन म्हणजे पान ज्या साइटवरून आलं तिचा पत्ता, टार्गेट ओरिजिन म्हणजे निरोप ज्याच्यासाठी आहे त्याचा. त्या ओळीत दोन पत्ते असतात, दोन्ही नीट वाचा. दुसरा पत्ता तुमच्याच पानाचा दिसला, तर बहुधा तुम्ही घाई केली आहे. आयफ्रेममध्ये अ‍ॅप अजून आलेलंच नाही, तिथे कोरं पान आहे, आणि कोरं पान आपल्या आईबापाचं, म्हणजे आयफ्रेम बसवणाऱ्या पानाचं, ओरिजिन घेतं. आम्ही हे न समजता टार्गेट ओरिजिनच्या जागी चांदणी (*) टाकली. ओळ गेली, निरोप हरवायचा तो हरवतच राहिला, वर एक भोक नवं पडलं.

चांदणी म्हणजे त्या आयफ्रेममध्ये या घडीला जे कुणी बसलं असेल त्याला निरोप देऊन टाका. फ्रेम दुसऱ्याच साइटवर गेलेली असेल, तर लॉगिनचं टोकनही (लॉगिन झाल्याची गुप्त खूण) तिकडेच जातं. तेव्हा पूर्ण ओरिजिन लिहा : प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय ही दोन वेगळी ओरिजिन आहेत. ३००० आणि ८०८० हे पोर्टही वेगळेच.

निरोप घेणाऱ्या बाजूची चूक जास्त महागात पडते. तुमच्या खिडकीला निरोप कुणीही पाठवू शकतं, त्यामुळे इव्हेंटचं ओरिजिन तपासायलाच हवं, आणि तेही तंतोतंत बरोबरीने. ‘पत्त्यात अमुक.इन आहे का’ एवढंच पाहिलं, तर अमुक.इन.भामटा.कॉम बिनदिक्कत आत येतं. ‘शेवट अमुक.इन आहे का’ असं पाहिलं, तर खोटेअमुक.इन येतं. आणखी एक गोष्ट, जिच्यात माझी अख्खी दुपार गेली : कॉन्फिगमध्ये पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ होती. पाठवताना ब्राउझर ती चालवून घेतो, पण आलेल्या इव्हेंटच्या ओरिजिनमध्ये ती कधीच नसते. त्यामुळे जाणारे निरोप पोहोचत होते आणि येणारा प्रत्येक निरोप आमचाच कोड फेकून देत होता.

फ्रेमला सँडबॉक्स (तिच्यावरचे निर्बंध) लावलंय आणि अलाउ-सेम-ओरिजिन (स्वतःचं ओरिजिन ठेवायची मुभा) दिलेलं नाही, तर ओरिजिन म्हणून ‘नल’ हा शब्द येतो. अशा कुठल्याही फ्रेमचं ओरिजिन ‘नल’च असतं, म्हणून तिथे इव्हेंटचा सोर्स (निरोप पाठवणारी खिडकी) आपल्याच आयफ्रेमची कंटेंटविंडो (तिच्या आतली खिडकी) आहे का ते तपासा. अडचण मिटावी म्हणून अलाउ-सेम-ओरिजिन घाईने जोडू नका. अ‍ॅप पानाच्याच ओरिजिनवर असेल आणि स्क्रिप्टलाही परवानगी असेल, तर ते स्वतःचं सँडबॉक्स स्वतःच काढून टाकू शकतं.

माहितीच्या रूपाबद्दल थोडं. निरोपात फंक्शन गेलं की डेटाक्लोनएरर येते, म्हणजे निरोपाची प्रत काढता येत नाही. व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचा रिअ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट तसाच पाठवला तरी तेच. डेट, मॅप, सेट सुखरूप पोहोचतात. तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट पोहोचतो, पण त्याच्या मेथड मागेच राहतात. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही याच खिडकीत निरोप टाकत असतात. म्हणून आपल्या प्रत्येक निरोपाला ‘प्रकार’ असं एक फील्ड द्या आणि अनोळखी प्रकार दिसला की मुकाट सोडून द्या. आलं ते सरळ जेसन समजून पार्स करायला घेतलं, तर परक्याच्या निरोपावर तुमचा कोड पडतो.

सुरुवातीची माहिती आयफ्रेमच्या पत्त्यातूनच द्यायची पद्धतही आहे. ग्राहकाचं नाव बीटूए (btoa) या फंक्शनने बेस-६४ (साध्या अक्षरांतलं रूप) करून पाठवायला गेलात, तर इंग्रजी नावांवर सगळं ठीक चालतं आणि पहिलं ‘ज्ञानेश्वर’ आलं की एरर येते. ते फंक्शन लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) पलीकडची अक्षरं घेतच नाही. एन्कोडयूआरआयकंपोनंट वापरा, देवनागरी नीट जाते. टोकन मात्र पत्त्यात कधीच नको, सर्व्हरच्या लॉगमध्ये ते जसंच्या तसं उरतं.

एकच उत्तर दोनदा येत असेल, तर बहुधा लिसनर दोनदा लागलाय. रिअ‍ॅक्ट या लायब्ररीच्या इफेक्टमध्ये तो काढायची ओळ राहिली असेल.

शोध कुठून सुरू करावा? दोन्हीकडे तात्पुरता एक लिसनर लावा, जो आलेल्या प्रत्येक निरोपाचं ओरिजिन आणि मजकूर वेळेसकट छापेल. क्रोमच्या कन्सोलमध्ये वर ‘टॉप’ असं लिहिलेली यादी असते, तिथून आयफ्रेम निवडली की तुम्ही अ‍ॅपच्या आत उभे राहता. मग नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करा आणि पान पुन्हा उघडा. आमच्या कॅल्क्युलेटरचा कोरा रकाना असा पहिल्याच प्रयत्नात माझ्या लॅपटॉपवर दिसला.