10 मीटर एअर रायफलसाठी पेलेट कशी निवडायची

परदेशात सेंटरफायरवाले, म्हणजे दारूच्या काडतुसांची रायफल मारणारे, वापरलेलं ब्रास (रिकामं पितळी काडतूस) डायमधून, म्हणजे साच्यातून, काढून रिसाइझ करत बसतात, आपल्या रायफलच्या चेंबरला (काडतूस बसतं त्या खोबणीला) नीट बसावं म्हणून. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर हवेच्या दाबाची रायफल 10 मीटरवर मारणाऱ्यांना ती भानगड नाही, आपली पेलेट म्हणजे शिशाची छोटी गोळी, पण प्रश्न तोच, आपल्या बॅरलला (नळीला) काय मानवतं, आणि महागडी डबी आणली की झालं असं अजिबात नसतं.

डबी उलटी करून स्टिकर बघा. त्यावर हेड साइझ (डोक्याचा व्यास) असते, 4.49, 4.50 मिलीमीटर वगैरे, आणि लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या खेपेचा माल ते. पेलेटचं डोकं रायफलिंगवर (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांवर) चालतं आणि मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून बॅरल सील करतो, त्यामुळे एवढासा फरकही जाणवतो. दोन-तीन साइझ आणि जमलं तर वेगळे लॉट, एकेक डबी घ्या, रेंजवरच्या पोरांत काँट्री काढली तर परवडतं.

आता टेस्ट. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा, नसेल तर वाळूच्या पिशवीवर, आणि रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशर उतरलेलं नको. बॅरल नुकतंच साफ केलं असेल किंवा पेलेट बदलली असेल तर पहिले काही शॉट असेच घालवायचे, मोजायचे नाहीत. मग एका कार्डावर (कागदी टार्गेटवर) 10 शॉट, अशी प्रत्येक लॉटची निदान तीन कार्डं. पाच शॉटच्या ग्रुपवर, म्हणजे भोकांच्या झुबक्यावर, जाऊ नका हो, पाच काय कुणाचेही नशिबाने चिकटतात! ग्रुप व्हर्निअरने बाहेरून बाहेर मोजायचा आणि त्यातून पेलेटची जाडी, 4.5 मिलीमीटर, वजा करायची. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच मुळात अर्ध्या मिलीमीटरचं, आणि डेसिमल स्कोअरिंगमध्ये (दशांशात गुण मोजतात त्यात) 0.1 म्हणजे कागदावर फक्त पाव मिलीमीटर, म्हणजे 10.6 चा 10.4 व्हायला किती लागतं बघा.

वजन करायचं का? रायफलची मॅच पेलेट साधारण 0.53 ग्रॅमची, सोनाराकडे असतो तसला मिलिग्रॅमचा काटा लागेल. माझं मत विचाराल तर 10 मीटरला त्यात रात्री घालवण्यापेक्षा स्कर्ट बघा. पेलेट उजेडात धरून मागून बघायची, कडा चेपलेली असेल तर सरळ प्रॅक्टिसच्या डबीत. डबी गाडीच्या डिकीत मोकळी टाकून वारज्यावरून बालेवाडीपर्यंत स्पीडब्रेकर खात नेली की कडा चेपणारच, त्यामुळे आतला फोम फेकू नका. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि हे शिसं आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, पेलेट ओठात धरायची तर नाहीच.

लॉट ठरला की कार्डावरच नंबर लिहून ठेवा आणि डीलरला ब्रँड नाही, तो नंबर सांगून एकदम सीझनभराच्या डब्या उचला, संपल्यावर तोच लॉट परत मिळेल याचा भरवसा नसतो.