कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता वर्षभरासाठी साठवताना या चुका टाळा

थंडीत कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या स्वस्त व टवटवीत मिळतात, आणि पावसाळ्यात त्याच जुड्या महाग, चिखलाने माखलेल्या आणि आतून कुजलेल्या निघतात. म्हणून हिवाळ्यातच बेगमी करून ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र बहुतेक घरांत सगळ्या पानांना एकच उपाय लावला जातो आणि तिथेच काम बिघडते.

कोथिंबीर वाळवणे ही त्यातली सर्वांत मोठी चूक होय. तिचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती वाळताना बरीचशी उडून जातात आणि हाती उरतो तो केवळ हिरवट चुरा. तिच्यासाठी फ्रीझरच योग्य. निवडलेली जुडी दोन-तीन पाण्यांतून धुवावी, पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्यावी, बारीक चिरावी आणि थोड्या पाण्यासह बर्फाच्या साच्यात भरून गोठवावी. खडे घट्ट झाले की ते पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून पिशवी बंद करावी. हे खडे आधी वितळवून पोह्यांवर भुरभुरण्याचा प्रयत्न करू नये. गोठताना पानांतील पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे वितळलेली कोथिंबीर लिबलिबीतच होणार. आमटीत किंवा रश्शात खडा थेट टाकला, तर मात्र तिचा स्वाद चांगला उतरतो.

मेथीचे नेमके उलटे आहे, कारण वाळल्यावर तिचा सुगंध अधिक गडद होतो. पुदिना, कढीपत्ता आणि गवती चहा हेही वाळवून चांगले टिकतात. इथे चूक होते ती उन्हाची: लवकर वाळावे म्हणून पाने कडक उन्हात टाकली, की रंग उडतो आणि सुगंधही जातो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सुती कापडावर एकच थर पसरावा आणि दिवसातून एकदा तो हलक्या हाताने खालीवर करावा. पानांचा ढीग राहिला तर मधली पाने वाळण्याआधीच काळवंडतात.

पाने पुरती वाळली की नाही, हे नुसत्या नजरेने कळत नाही. पान चुरल्यावर कुरकुरले पाहिजे आणि देठ वाकण्याऐवजी मोडला पाहिजे. बरणीत भरल्यावर पहिला आठवडा रोज लक्ष ठेवावे. काचेला आतून दव धरलेले दिसले, तर सगळा माल लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवावा. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर मात्र ऊन दाखवून तो वाचवण्याचा मोह धरू नये, बरणीभर माल टाकून द्यावा. पावसाळ्यात बरणी वारंवार उघडल्यानेही चुरा सादळतो, म्हणून मोठ्या बरणीऐवजी लहान-लहान बाटल्या भराव्यात आणि त्या गॅसच्या शेगडीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात ठेवाव्यात.

एका चुकीबद्दल मात्र जास्तच सावध राहिले पाहिजे. ओली पाने किंवा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्यास, हवा न मिळणाऱ्या त्या तेलात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून जीवघेणे विष तयार करू शकतो, आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असे नाही. लोणचे टिकते ते त्यातल्या मिठामुळे आणि आंबटपणामुळे. एकट्या तेलाच्या भरवशावर राहता येत नाही. तेलातले असे मिश्रण फ्रीजमध्ये ठेवून 4 दिवसांत संपवावे, नाहीतर सरळ गोठवावे.

वापरताना प्रमाणही सांभाळावे. जिथे 3 चमचे ताजी चिरलेली पाने लागतात, तिथे साधारण 1 चमचा वाळलेला चुरा पुरतो. मेथीचा चुरा तळहातांवर चोळून भाजी उतरवण्याच्या थोडा वेळ आधी घालावा. कढीपत्त्याची वाळलेली पाने फोडणीत पटकन करपतात, म्हणून ती तेलात अगदी शेवटी टाकून लगेच वरून भाजी किंवा डाळ घालावी.