कागदी लिंबाच्या पानांचा अर्क घरच्या घरी

उघड्या पातेल्यात पानं उकळली, पाणी गाळलं की अर्क तयार, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तो नुसता काढा झाला. वास वाफेबरोबर घरभर उडून जातो आणि बाटलीत कडवट पाणी उरतं. अर्क हवा असेल तर वाफ अडवून थंड करावीच लागते.

कागदी लिंबाचं पान उन्हासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील, त्यात तेल असतं. बेल आणि कवठ याच कुळातले, त्यांच्या पानांचाही अर्क निघतो. सोलापूरचं डाळिंब कितीही नावाजलेलं असो, त्याच्या पानांना सुगंध नाही. त्यांच्यावर गॅस जाळू नका.

फवारणी न झालेल्या झाडाची अर्धा किलो पानं धुऊन चुरगाळा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात थोडं पाणी, त्यात तिवई, वर चाळणी, चाळणीत पानं आणि मधोमध वाडगं. पाणी पानांना टेकू द्यायचं नाही. घुमटाकार झाकण उलटं ठेवा, मूठ बरोबर वाडग्याच्या वर यायला हवी. थेंब झाकणावरून घसरत मुठीशी जमतात आणि तिथूनच पडतात.

खरी कसोटी यापुढे. झाकणाची फट कणकेनं बंद करा. आपल्याकडे डब्यात हाताशी असतं ज्वारीचं पीठ, पण ते वाफेनं तडकतं आणि फट पुन्हा उघडते. गव्हाचीच कणीक घ्या, चांगली चिवट मळून.

मग झाकणावर बर्फ. इथं सगळ्यांची घाई होते. बर्फाचं पाणी झालं तरी लोक तसंच चालू देतात. पाणी कोमट झालं की वाफ थंड होत नाही आणि फटी शोधून निसटते. कनौजचे अत्तरवालेसुद्धा भपक्याभोवतीचं, म्हणजे वाफ जिथं थंड होऊन जमते त्या भांड्याभोवतीचं, पाणी तापलं की बदलतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर असतो, नळाच्या पाण्यावर भागत नाही. बर्फ पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे पिशवी उचलून दुसरी ठेवता येते. दुपारी तर हा उद्योग करूच नका, पहाटे करा.

आच अगदी मंद. मोठ्या आचेवर पाणी उसळून पानं शिजतात आणि अर्काला उकडलेल्या भाजीचा वास येतो. झाकण उघडून बघायचं नाही. साधारण पाऊण तासानं गॅस बंद करा आणि पातेलं पूर्ण गार झाल्यावरच झाकण काढा. पाव लिटर मिळालं तरी पुष्कळ. जास्तीच्या हव्यासानं चालू ठेवलं तर शेवटचं बेचव पाणी पहिल्या चांगल्या अर्कात मिसळतं.

चादरी धुतल्यावर शेवटच्या पाण्यात, फरशी पुसायला, केस धुतल्यावर शेवटच्या तांब्यात हा अर्क घाला. पानं वाटून खोबरेल तेलात कालवून तोंडाला लावण्याचा सल्ला मात्र साफ धुडकावा. लिंबाच्या पानासालीतल्या काही घटकांमुळे उन्हात कातडी भाजते, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, महिनाभर. गढूळ झाला की ओतून टाका.