रोजकीर्द कशी लिहावी: नावे-जमा उलटं पडू नये म्हणून

रोजकीर्द म्हणजे रोजचे व्यवहार तारखेप्रमाणे आधी लिहायची वही. ती आखून घ्या: तारीख, तपशील, खाते पान (खतावणीत, म्हणजे खातेवहीत, ते खातं ज्या पानावर आहे त्याचा क्रमांक), नावे (डेबिट) रक्कम, जमा (क्रेडिट) रक्कम. पाच रकाने. इथे कुणाचं अडत नाही.

सरावाला एक छोटं वह्या-पेनांचं दुकान घेऊ. १ एप्रिलला मालकाने ५०,००० रुपये रोख घालून ते सुरू केलं. त्यातले २०,००० बँकेत भरले. घाऊक व्यापाऱ्याकडून छापील दराने १२,००० चा माल उधारीवर घेतला, त्यावर त्याने १० टक्के व्यापारी सूट दिली. पुढे २,५०० ची रोख विक्री झाली, ३,००० भाडं दिलं आणि मालकाने घरखर्चाला १,००० उचलले.

आधी प्रत्येक वाक्यात व्यवहार आहे का ते बघा. नुसती ऑर्डर दिली, नोकर कामावर ठेवला, बोलणी झाली, यातलं काहीही कीर्दीत जात नाही. पैसा किंवा पैशात मोजता येणारं काही हललं पाहिजे. मालकाने स्वतःच्या खिशातून घरचं लाइटबिल भरलं तर तेही नाही, कारण दुकान वेगळं आणि मालक वेगळा. गल्ल्यातून भरलं असतं तर मात्र ती उचल झाली असती.

मग व्यवहारात सापडलेली दोन खाती पेन्सिलने समासात लिहा. बँकेत भरले: बँक, रोख. भाडं दिलं: भाडे, रोख. उधारीचा माल: खरेदी, घाऊक व्यापारी. दुकानासाठी टेबल घेतलं तर ते खरेदी खात्यात टाकू नका. खरेदी म्हणजे विकायला आणलेला माल, टेबल फर्निचर खात्यात. आणि व्यापारी सूट वहीत येतच नाही. १२,००० मधून १,२०० वजा करून थेट १०,८०० मांडायचे.

आता खरी ग्यानबाची मेख: कोणतं खाते नावे आणि कोणतं जमा?

मी अकरावीत होतो तेव्हा इथेच तोंडावर आपटलो. पहिल्या चाचणीत सगळ्या नोंदी उलट्या. माझी समजूत सरळ होती: पैसे आले म्हणजे जमा. आमचं किराणा दुकान, वडिलांची लाल कापडाची चोपडी लहानपणापासून बघितलेली. त्या देशी पद्धतीच्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पैसे आले की डावीकडे. कॉलेजात मात्र रकाने उलटे, आणि वर ‘रोख आली, रोख खाते नावे’. मला वाटलं पुस्तकात छापायची चूक आहे.

चोपडीही चुकलेली नव्हती आणि पुस्तकही. चोपडीत जमा व्हायचं ते पैसे आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर. पुस्तक सांगत होतं गल्ल्याच्या खात्याबद्दल. एकाच व्यवहाराची ही दोन टोकं. ‘जमा’ हा शब्द आपण बोलताना ‘आलं’ अशा अर्थाने वापरतो, तिथे घोळ होतो.

म्हणून ‘जमा’ बाजूला ठेवा आणि ‘नावे’पासून सुरुवात करा. तो शब्द तुम्हाला आधीच येतो. दुकानातून साखर घेताना आपण म्हणतो, ‘आमच्या नावे मांडून ठेवा.’ ज्याने घेतलं त्याच्या नावे. आता गल्ला हा एक माणूस समजा. मालकाने ५०,००० त्याच्या हातात दिले. कुणी घेतले? गल्ल्याने. म्हणून रोख खाते नावे. दिले कुणी? मालकाने. म्हणून भांडवल खाते जमा. गल्ल्यातून २०,००० बँकेने घेतले: बँक नावे, रोख जमा. ३,००० भाड्याच्या नावे खर्ची पडले: भाडे नावे, रोख जमा. मालकाने १,००० उचलले: उचल नावे, रोख जमा. माल खरेदीने घेतला, व्यापाऱ्याने दिला: खरेदी नावे, व्यापारी जमा. विक्रीने २,५०० गल्ल्याला मिळवून दिले: रोख नावे, विक्री जमा.

पुस्तकातले तीन नियम हेच सांगतात. वैयक्तिक खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. मालमत्तेच्या खात्यात येते ते नावे, जाते ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. ते पाठ करा, परीक्षेत लागतात. पण आधी ‘घेतलं कुणी’ हे विचारायची सवय लावा. नियम पाठ असूनही खातं कोणत्या प्रकारचं तेच न ओळखल्याने चुकणारी मुलं मी दरवर्षी बघतो.

‘डेबिट म्हणजे वजा, क्रेडिट म्हणजे अधिक’ असं कुणी शिकवलं तर कान बंद करा. हा गैरसमज बँकेच्या पासबुकातून येतो. आपण पैसे भरले की तिथे जमा दिसतात, कारण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तिच्या दृष्टीने पैसे देणारे आपण, म्हणून जमा. आपल्या वहीत त्याच रकमेसाठी बँक नावे. पासबुक बघून कीर्द लिहिणाऱ्याची प्रत्येक बँकनोंद उलटी जाते. मीही एक आठवडा तसं करून पाहिलं आहे.

नोंदीखाली कंसात एका ओळीत स्पष्टीकरण लिहा, ‘दुकानाचे भाडे रोख दिल्याबद्दल’ असं. आळस करू नका, त्याचे गुण असतात.

पुढे खतावणी (कीर्दीतल्या नोंदी प्रत्येक खात्याच्या पानावर उतरवणं), शिल्लका (खात्याच्या दोन बाजूंतला फरक) आणि तेरीज (सगळ्या शिल्लकांची नावे-जमा यादी). आपल्या दुकानाची तेरीज अशी: नावे बाजूला रोख २८,५००, बँक २०,०००, खरेदी १०,८००, भाडे ३,०००, उचल १,०००; जमा बाजूला भांडवल ५०,०००, घाऊक व्यापारी १०,८००, विक्री २,५००. दोन्हीकडे ६३,३००.

जुळलं म्हणून लगेच पेन खाली ठेवू नका. त्या चाचणीत माझीही तेरीज पैशापैशाला जुळली होती. सगळंच उलटं असल्यावर जुळणारच! सरांनी बेरजेकडे पाहिलंही नाही. त्यांनी रोख खात्याच्या शिल्लकेवर बोट ठेवलं. ती जमा बाजूला होती. ‘गल्ल्यात होते त्यापेक्षा जास्त पैसे बाहेर कसे काढलेस?’ तेव्हापासून कुणाचीही वही हातात आली की मी आधी रोख खातं उघडतो. शिल्लक नावे किंवा शून्य असेल तरच पुढचं पान.